ट्रंकेतल्या ‘स्त्री’चं काय करू?

स. न. वि. वि.
मी सांगलीत माध्यमिक शाळेत शिकवते. गेल्या वर्षी माझी आत्या वारली. तिने लग्न केलं नव्हतं, आयुष्यभर शिक्षिकेची नोकरी केली. तिचं घर मोकळं करताना दोन लोखंडी ट्रंका निघाल्या. त्यांत ‘स्त्री’ मासिकाचे पन्नास-साठच्या दशकांतले बरेच अंक, थोडे ‘किर्लोस्कर’, ‘दीपावली’ आणि ‘आवाज’चे दिवाळी अंक आणि तळाशी ‘चांदोबा’ निघाले. आत्याने समासात जागोजागी पेन्सिलीने लिहिलंय. वाचायला बसले आणि नादच लागला. आता वाटतं नीट संग्रह करावा, ‘सत्यकथा’, ‘मनोरंजन’सुद्धा मिळवावेत. पण दीर म्हणतात, रद्दी आहे, किलोवर घाला. पुण्याचे एक जुनी पुस्तकं विकणारे गृहस्थ घरी येऊन गेले. त्यांना फक्त चित्रकार दीनानाथ दलालांच्या मुखपृष्ठांचे अंक हवेत. शिवाय ‘सत्यकथा’चे बाइंड केलेले खंड ते मला विकायला तयार आहेत. ट्रंका उचलायला न आलेला चुलतभाऊ आता पैशाचं ऐकून वाटा विचारतोय. आम्ही तळमजल्यावर राहतो, २०१९ च्या पुरात घरात पाणी होतं. हे सगळं ठेवू कसं? आणि आता सगळं इंटरनेटवर मिळतं म्हणतात, तर ठेवू कशाला?
— एक शिक्षिका, सांगली

ताई,

बाकीचं नंतर. आज संध्याकाळी घरी गेलात की त्या दोन ट्रंका जमिनीवरून उचला. पलंगाखाली असतील तर आधी तिथून काढा. वरच्या मजल्यावर कुणी नातलग किंवा शेजारी विश्वासाचे असतील तर पावसाळ्यापुरतं त्यांच्याकडे ठेवायला विचारा, नाही तर माळ्यावर घाला. सांगलीकरांना पुराबद्दल मी काय सांगणार! त्या ऑगस्टमध्ये तुमच्या नगर वाचनालयात पाणी शिरलं आणि पिढ्यान् पिढ्या जपलेली पुस्तकं गेली. ज्या गावाने ते पाहिलंय, तिथल्या बाईने कागद जमिनीलगत ठेवू नये.

आता ते पुण्याचे गृहस्थ. ते फसवतायत असं मी म्हणत नाही. त्यांना काय विकलं जातं ते चांगलं ठाऊक आहे, एवढंच. दीनानाथ दलालांनी १९४५ मध्ये ‘दीपावली’ सुरू केला आणि १९७१ मध्ये ते गेले. म्हणजे त्यांच्या हातच्या ‘दीपावली’ची वर्षं मोजकीच आहेत, आणि चित्रांवर जीव टाकणारे लोक मात्र वाढतायत. चित्रकार रघुवीर मुळगावकरांच्या ‘रत्नप्रभा’, ‘रत्नदीप’ या अंकांचीही तीच गत. दोघेही मूळचे गोव्याकडचे, दोघांच्याही चित्रांवर दोन पिढ्या वाढल्या. त्यामुळे हे अंक विकले जातात. पण सगळेच अंक म्हणून विकले जातात असं नाही. काही ठिकाणी मुखपृष्ठ आणि आतली रंगीत चित्रं ब्लेडने सोडवून काचेच्या चौकटीत जातात आणि उरलेला अंक खरोखरच रद्दीच्या काट्यावर जातो. तुमच्या पाहुण्यांचा बेत काय आहे ते मला माहीत नाही. तुम्ही त्यांना सरळ विचारा, “अंक अख्खा ठेवणार की चित्रं काढणार?” उत्तर देताना माणूस कुठे बघतो त्यावरून तुमच्यासारख्या मुलांना शिकवणाऱ्या बाईला बरंच कळेल.

माझं मत विचाराल तर या वर्षी एकही अंक विकू नका. पैशाची नड असेल तर गोष्ट वेगळी, पण तसं तुम्ही लिहिलेलं नाही. वर्षभराने, सगळं वाचून झाल्यावर, ‘दीपावली’ नको वाटले तर ते द्या. मात्र अख्खे द्या, आणि एकाच माणसाला विचारून नव्हे, दोघा-तिघांना विचारून द्या.

‘सत्यकथा’चे बांधलेले खंड मात्र मी घेणार नाही. कारण सांगतो. आपल्याकडे मासिकांचं बाइंडिंग करताना बहुतेक बाइंडर मुखपृष्ठं फाडून टाकायचे, जाहिरातींची पानं काढायचे आणि वर तिन्ही बाजूंनी कटरने कागद छाटायचे. ग्रंथालयांनाही तेच हवं असायचं, कारण खंड बारीक होतो आणि कपाटात मावतो. मग हातात येतो तो नुसता मजकूर. आणि ‘सत्यकथा’तला मजकूर, म्हणजे कथा-कविता-लेखांतला बराचसा, पुढे पुस्तकांत आलेला आहे. ‘सत्यकथा’ काढणाऱ्या मौज प्रकाशनानेच तो छापला, इतरांनीही छापला. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन या तिथल्या संपादकांनी लेखकांवर एवढी मेहनत घेतली की तिथे छापून आलेला लेखक पुस्तकापर्यंत पोचलाच. तेव्हा तेच साहित्य मुखपृष्ठ नसलेल्या, जाहिराती नसलेल्या, कापलेल्या रूपात दामदुप्पट किमतीला घेण्यात अर्थ नाही. सुटे अंक मिळाले, पाठपोट पुठ्ठ्यासकट, तर एक-दोन जरूर घ्या. ‘सत्यकथा’ ऑगस्ट १९८२ मध्ये बंद पडलं. शेवटच्या काही वर्षांचे सुटे अंक अजूनही वाजवी भावात मिळतात.

यातच तुमच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर आहे. काय ठेवू, काय जमवू, हाच तुमचा खरा प्रश्न. जे पुस्तकात गेलं ते टिकलं. जे पुस्तकात कधीच जाणार नाही ते जमवा. कथा संग्रहात जाते, कादंबरी स्वतंत्र निघते, गाजलेलं सदर ‘निवडक’ होऊन येतं. पण वाचकांची पत्रं? संपादकांनी दिलेली खवचट उत्तरं? विणकामाचे नमुने, स्वयंपाकाची सदरं, पुस्तकांच्या पहिल्या परीक्षणांतले चुकलेले अंदाज, वर्गणीदारांना केलेल्या विनवण्या, शेवटच्या पानावरच्या जाहिराती? (आमच्यासारख्या सल्लेबाजांची सदरं तर कुणाच्या बापजन्मी संग्रहात येत नाहीत.) हे सगळं त्या अंकातच असतं, आणि अंक गेला की ते गेलं.

त्या दृष्टीने तुमच्या ट्रंकेतला सगळ्यांत मोलाचा ऐवज ‘दीपावली’ नाही, ‘स्त्री’ आहे. ज्याच्याकडे पाहून त्या गृहस्थांनी नाक मुरडलं, तोच. वाङ्मयीन मासिकांना ग्रंथालयांत मानाची जागा मिळाली, त्यांच्यावर प्रबंध झाले. बायकांची मासिकं घरात वाचली गेली, शेजारी फिरली, त्यांतली पाककृती कापून डब्याच्या झाकणाला चिकटवली गेली आणि उरलेलं चिवड्याच्या पुडीला गेलं. म्हणून त्यांचे सलग अंक एकाच ठिकाणी मिळणं कठीण. तुमच्या आत्यांनी ते केलंय, पगारातून वर्गणी भरून. ते मोडू नका.

शिवाय हे मासिक तुमच्या जिल्ह्याचं आहे. शंकरराव किर्लोस्करांनी, म्हणजे ‘शंवाकिं’नी, १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ काढलं ते कारखान्याची खबरबात द्यायला. नांगर आणि उसाचे चरक विकणाऱ्या कारखान्याचं पत्रक, पण बघता बघता महाराष्ट्रभर वाचलं जाणारं मासिक झालं. १९३० मध्ये ‘स्त्री’ आलं, १९३४ मध्ये ‘मनोहर’. साहित्याचं केंद्र मुंबई-पुण्यात असताना हे तिन्ही अंक आजच्या पलूस तालुक्यातल्या एका कारखान्याच्या वसाहतीतून निघत होते. पुणे-मिरज लाइनवर किर्लोस्करवाडी स्टेशन लागतं तेव्हा किती प्रवाशांच्या हे लक्षात येतं कोण जाणे. शंवाकि स्वतः चित्रकलेचं शिक्षण घेतलेले, व्यंगचित्रं काढणारे. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध ‘किर्लोस्कर’मध्येच येत. तुमच्याकडच्या अंकांवर पत्ता कुठला छापलाय ते पाहा. जुन्यांवर किर्लोस्करवाडी असेल, नंतर कारभार पुण्याला गेला. तो बदल नेमका कोणत्या अंकापासून झाला हे तुमच्याच ढिगातून शोधता आलं तर बघा. संग्रहाची गोडी अशा बारीक शोधांत आहे.

पुढची वाटही तुमची तुम्हाला सापडेल. १९६४ पासून ‘स्त्री’त विद्या बाळ काम करू लागल्या, पुढे संपादक झाल्या, १९८६ पर्यंत होत्या आणि १९८९ मध्ये त्यांनी ‘मिळून साऱ्याजणी’ हे मासिक काढलं. तुमच्याकडे त्यांच्या आधीचे आणि सुरुवातीचे अंक आहेत. सत्तरच्या दशकातले आणि ‘साऱ्याजणी’ची पहिली काही वर्षं मिळवलीत तर चाळीस वर्षांत मराठी घरातल्या बाईशी काय काय बोललं गेलं, ती उलट काय बोलली, याची सलग माळ तुमच्या कपाटात येईल. मागे जायचं असेल तर र. धों. कर्व्यांचं लैंगिक शिक्षणावरचं मासिक ‘समाजस्वास्थ्य’ आहे, १९२७ ते १९५३. त्याचे मूळ अंक महाग आणि दुर्मीळ, तिथे मात्र खुशाल इंटरनेटवर वाचा. ‘मनोरंजन’चा मोह सध्या टाळा. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ मध्ये काढलेला पहिला दिवाळी अंक आपल्याकडे असावा असं प्रत्येक संग्राहकाला वाटतं आणि त्या वाटण्यावर काही लोकांची दुकानं चालतात. रंगीत झेरॉक्सचं मुखपृष्ठ लावून सुटी पानं खपवणारेही आहेत. ते दुखणं पाच-दहा वर्षांनी मागे लावून घ्या.

आणखी एक प्रकार सांगून ठेवतो, म्हणजे रद्दीत दिसला तर हातातून सुटणार नाही. १९५५-६० च्या सुमारास आणि पुढे तरुण मुलांनी खिशातल्या पैशांनी, जमेल तेव्हा काढलेली छोटी मासिकं, म्हणजे लघुअनियतकालिकं. चित्रे-कोलटकरांचं ‘शब्द’ सायक्लोस्टाइल होतं. मग अशोक शहाण्यांचं ‘असो’, नेमाड्यांचं ‘वाचा’, राजा ढाल्यांचं ‘येरू’, चंद्रकांत खोतांचं ‘अबकडई’. १९६९ मध्ये यांच्यातल्या काहींनी मुंबईत खटाववाडीतल्या मौजेच्या दारात ‘सत्यकथा’चा अंक जाळला होता. गंमत अशी, की आज ‘सत्यकथा’ मिळतं, पण जाळणाऱ्यांची अनियतकालिकं मिळत नाहीत. मुळात छापलीच थोडी, आणि दिसायला हँडबिलासारखी, त्यामुळे घरच्यांनी फेकलीही लवकर. मराठवाड्यात कुणी ओळखीचं असेल तर ‘अस्मितादर्श’ या दलित साहित्याच्या नियतकालिकाचे सुरुवातीचे अंक विचारून ठेवा. गंगाधर पानतावण्यांनी औरंगाबादेतून ते किती नेटाने चालवलं हे अंक हातात घेतल्याशिवाय कळत नाही.

विकत घ्यायला कुठे जायचं? सांगली-मिरज-कोल्हापुरातले रद्दीवाले पहिले. एकाला धरा, महिन्यातून एकदा जा, भाव करताना फार ताणू नका आणि “मासिकं आली की बाजूला ठेवा” म्हणून नंबर देऊन या. पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार, मुंबईला गेलात तर फोर्टातले फुटपाथ आणि माटुंग्याचं किंग सर्कल. तिथे दिवाळी संपल्यावर दोन-चार महिन्यांनी जुने दिवाळी अंकही सोबत बाहेर पडतात, कारण लोक नव्यांना जागा करायला जुने काढतात. फोनवरचे लिलाव, व्हॉट्सॲप ग्रुप यांत एवढ्यात शिरू नका. तिथे “शेवटचा नग” ऐकून ऊर धडधडतो आणि पगार जातो.

अंक हातात आला की घाई न करता तपासा. आधी मधलं पान उघडून पिना बघा. गंजल्या असतील तर मधला फर्मा (एकत्र दुमडलेल्या पानांचा जुडगा) सुटलेला असतो आणि नेमकं तेच पान हरवलेलं असतं. मग अनुक्रमणिका आणि पानांचे आकडे ताडून बघा. जुन्या काही मासिकांत पृष्ठांक अख्ख्या खंडाला सलग चालत, त्यामुळे अंक पान १ ने सुरू झाला नाही म्हणून लगेच फाटका समजू नका. रंगीत चित्र वेगळ्या कागदावर छापून आत चिकटवलेलं असे. तिथे नुसती गोंदाची रेघ उरली असेल तर चित्र गेलं. ‘आवाज’चं तर वेगळंच आहे. मधुकर पाटकरांनी १९५१ मध्ये तो सुरू केला आणि त्यातली ‘खिडकी’ची चित्रं गाजली. बाहेरून एक भलताच प्रकार दिसतो, झापड उचललं की आत भलताच साधा. ती झापडं पोरासोरांनी आणि पोरांहून जास्त मोठ्यांनी उचलून उचलून फाडलेली असतात. तुमच्या ‘आवाज’मधल्या खिडक्या शाबूत असतील तर आत्यांनी अंक कुणाला वाचायला दिला नाही, असं खुशाल समजा.

अंकावर ग्रंथालयाचा शिक्का दिसला तर विचारा की तो कसा आला. ‘रद्द’ किंवा ‘बाद’ असा दुसरा शिक्का असेल तर ठीक. नसेल तर परत ठेवा, कितीही हवासा वाटला तरी.

आता जपणुकीचं. इथे आपल्या घरातल्या बऱ्याच जुन्या सवयी उलट्या फिरवाव्या लागतात. मासिकांचा कागद स्वस्त, लाकडाच्या लगद्याचा. त्यातलं लिग्निन नावाचं लाकडातलं द्रव्य उजेडाने आणि हवेने पिवळं पडतं, कागदात आम्ल तयार होतं आणि दुमडलं की तुकडा हातात येतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कागदावर नियंत्रण आलं तेव्हाचे अंक बोटांना लगेच वेगळे लागतात, बारीक झालेले आणि जास्त भुरभुरीत. हे आम्ल घरात काढून टाकता येत नाही, पण वेग कमी करता येतो. म्हणून पहिली गोष्ट, पावसाळ्यानंतर पुस्तकं गच्चीवर उन्हात घालायची पद्धत मासिकांना लावू नका. सावलीत, वाऱ्याला, पंख्यापासून थोडं लांब, एवढं पुरे.

ठेवायला बासन उत्तम. पोथ्या ज्यात बांधतात तसं. जुनी सुती साडी धुऊन, खळ न घालता, वाळवून चौकोनी फाडा. खळ असली तर कसर पहिल्यांदा तिथेच येते. आठ-दहा अंक आडवे, एकावर एक, त्याहून उंच थप्पी नको. मासिकं पुस्तकांसारखी उभी ठेवली की कंबर वाकून बसतात. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, त्याचं आम्ल यांना लागतं. बाजारातल्या चकचकीत प्लास्टिक फायलींत घालू नका. त्यातली बरीच पीव्हीसीची असतात आणि शाई त्यांना चिकटते. लॅमिनेशन तर कधीच नाही. कोणी “कायमचं टिकेल” म्हणालं तर त्याला चहा पाजून वाटेला लावा, कारण लॅमिनेट केलेलं पान परत सोडवता येत नाही. चिकटपट्टीचंही तेच. वर्षा-दोन वर्षांत ती पिवळी होते, सुटते आणि खाली तपकिरी डाग कायमचा ठेवून जाते. फाटलेलं पान दोन कोऱ्या कागदांमध्ये सरळ ठेवा आणि शिवायचा विचार सोडा. ज्यांना हे काम येतं ते पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या खळीने करतात. तसा माणूस भेटेपर्यंत पान थांबू शकतं.

गंजलेली पिन मात्र काढलेली बरी. ओढायची नाही. अंक मधोमध उघडा, पिनेचे दोन वळवलेले पाय बोथट सुरीच्या टोकाने हळूच सरळ करा, मग अंक पालथा घालून पाठीमागून पिन उचला. त्याच भोकांतून साधा पांढरा सुती दोरा ओवून सैल गाठ मारा. शाळेच्या वह्या शिवल्या असतील तर पाच मिनिटांचं काम.

कपाट लोखंडी, बाहेरच्या भिंतीला न टेकलेलं, खालचा खण रिकामा. डांबरगोळ्या नकोत. वास कागदात मुरतो आणि घरातल्या माणसांनाही तो चांगला नाही. कडुनिंबाची पाला-पानं पूर्ण वाळलेली असतील तर कपड्याच्या पुरचुंडीत ठेवा, थेट पानांत घालू नका, डाग पडतात. कसरीला खरा उपाय एकच, दर महिन्याला बासन सोडून बघणं. कसर लागलेला अंक दिसला तर दोन प्लास्टिक पिशव्यांत हवाबंद करून डीप फ्रीझरमध्ये आठ-दहा दिवस ठेवा आणि बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, दिवसभर तशीच राहू द्या. सासूबाईंना आधी सांगून ठेवा. मटाराच्या शेजारी ‘स्त्री’ निघाली तर घरात वेगळा प्रश्न उभा राहील.

हाच फ्रीझर पुराच्या वेळी कामाला येतो. भिजलेल्या कागदाला दोन-तीन दिवसांत बुरशी धरते. आणि दिवाळी अंकांची मुखपृष्ठं, चित्रांची पानं गुळगुळीत आर्ट पेपरवर असतात. ती बंद अवस्थेत वाळली की एकमेकांना चिकटून वीट होते, मग सुटत नाहीत. साधी पानं पंख्याखाली उभी वाळवता येतात. गुळगुळीत अंक मात्र ओले असतानाच पिशवीत घालून गोठवायचे आणि सवड मिळेल तसे एकेक काढून पानापानांत कोरा कागद घालत वाळवायचे. पुरात वीज राहील का, हा प्रश्न आहेच. म्हणूनच मी सुरुवातीला वरच्या मजल्याचं बोललो.

इंटरनेटवर सगळं मिळतं हे अर्धं खरं. ‘साधना’ने आपले जुने अंक उपलब्ध करून दिलेत, बालभारतीने १९७१ पासूनचे ‘किशोर’ ठेवलेत, ‘विविधज्ञानविस्तार’सारख्या जुन्या मासिकांचे काही खंड सापडतात. पण स्कॅन बहुधा त्याच बांधलेल्या, कापलेल्या खंडांचे असतात. प्रभाकर कंदिलाची, अफगाण स्नोची, धूतपापेश्वरच्या औषधाची जाहिरात कथेच्या शेजारी कशी बसली होती ते तिथे दिसत नाही. शोधायला मात्र ते फार उपयोगी. आपल्याला कुठला अंक हवा हे आधी ठरवा आणि मग रद्दीत शिरा. त्यासाठी दाते, काळे आणि बर्वे यांनी केलेली मराठी नियतकालिकांची सूची एखाद्या मोठ्या ग्रंथालयात बसून चाळा. १८०० ते १९५० पर्यंतचा पसारा त्यात आहे. ती सूची करणाऱ्यांना इंटरनेट नव्हतं, हे लक्षात ठेवून चाळा.

तुम्ही स्वतः पानांचे फोटो काढून ठेवलेत तर उत्तमच, फ्लॅश न वापरता. पण अख्ख्या कथा ग्रुपवर टाकू नका. लेखक गेल्यावर साठ वर्षं हक्क वारसांकडे असतो, आणि पन्नास-साठच्या दशकांतल्या बहुतेकांच्या बाबतीत तो अजून आहे. मासिक बंद पडलं म्हणून लेख बेवारस होत नाही.

राहिले घरचे. दीर रद्दी म्हणतात, म्हणू देत. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा एक हद्द आखून द्या. एक कपाट, त्याबाहेर एक कागद नाही. ही हद्द त्यांच्यासाठी कमी आणि तुमच्यासाठी जास्त आहे. हा छंद लागलेली माणसं मी बघितलीत. घरात पाय ठेवायला जागा नसते, कशात काय आहे ते त्यांना ठाऊक नसतं आणि तरी रविवारी बाजारात हजर. नवं काही आणायचं तर जुनं काही तरी द्यायचं, या नियमाने निवड आपोआप चोख होते.

चुलतभावाला पैशाचा आकडा सांगू नका, कारण तुम्ही विकतच नाही आहात. आत्यांनी मृत्युपत्र केलं होतं का, हे तुम्ही लिहिलं नाही. केलं असेल तर बोलणं तिथेच संपतं. नसेल तर कायद्याने त्याचाही हिस्सा निघू शकतो, तेव्हा “तुझा काय संबंध” हे वाक्य तोंडातून जाऊ देऊ नका. त्याला घरी बोलवा आणि तळाशी असलेले ‘चांदोबा’ समोर ठेवा. आत्यांना मुलं नव्हती, मग ‘चांदोबा’ कुणासाठी यायचा? सुट्टीत येणाऱ्या भाच्या-पुतण्यांसाठीच ना? त्यातला एक तोही असणार. १९५२ पासून मराठीत आलेला ‘चांदोबा’ लहानपणी वाचलेला माणूस त्या अंकांपुढे फार वेळ हिशेब करत बसत नाही. हवे तेवढे त्याला घेऊन जाऊ दे. तुमच्या माळेत ते बसतही नाहीत. बदल्यात ‘स्त्री’ आणि ‘किर्लोस्कर’ तुमच्याकडे राहतील, असं दोघांच्या सहीने एका कागदावर लिहून ठेवा. हसत हसत लिहा, पण लिहा.

एक वही करा. अंकाचं नाव, महिना, वर्ष, संपादक, मुखपृष्ठाचा चित्रकार, कुठून आला, काय गहाळ आहे. आणि शेवटचा रकाना आत्यांसाठी, कुठल्या पानावर समासात त्यांनी काय लिहिलंय. ते जसंच्या तसं उतरवा, चुकांसकट. खोडरबर त्याच्याजवळ नेऊ नका. एक शिक्षिका साठ वर्षांपूर्वी अंक वाचताना कुठे थांबली, कुठे चिडली, हे सांगणारे दुसरे अंक कोणत्याही ग्रंथालयात नाहीत. उद्या संग्रह कुठे द्यायची वेळ आली तर ही वही सोबत असेल तरच तो एकत्र राहील, नाही तर अंक आपापल्या वर्षांच्या गठ्ठ्यांत पांगतील. देताना मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या मोठ्या संस्थेशी आधी बोला आणि स्वतंत्र नोंद ठेवणार का ते लेखी विचारा. न विचारता दारात पोती उतरवली तर कुठल्याही ग्रंथपालाच्या कपाळाला आठीच पडते. पण ते तुमच्या निवृत्तीनंतरचं.

‘स्त्री’चे काही अंक दोन-दोन निघाले असतील तर दोन्ही ठेवायचा हट्ट नको. चांगला आणि आत्यांचं लिखाण असलेला ठेवा, दुसरा अदलाबदलीला बाजूला काढा. एका जादा अंकावर दुसऱ्या संग्राहकाकडून हवा असलेला अंक मिळतो आणि पैसेही खर्च होत नाहीत. सत्तरच्या दशकातल्या ‘स्त्री’पासूनच सुरुवात करा, ते अजून किलोच्या भावात दिसतात.